घडत गेलेला विवेक

इमॅन्युएल कांटचा 'शुद्ध विवेकाची चिकित्सा' हा ग्रंथ १७८१ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीची आठशेहून अधिक पाने ओलांडून जो शेवटापर्यंत पोचतो, त्याला तिथे चार-पाच पानांचे एक प्रकरण भेटते. त्याचे नाव 'शुद्ध विवेकाचा इतिहास'. प्रकरण कसले, जागा राखून ठेवल्याची ती खूण आहे. आपल्या मांडणीत इथे एक खिंडार उरले आहे आणि ते पुढे कधीतरी भरावे लागेल, असे कांट स्वतःच सांगतो. मागच्या तत्त्वज्ञांनी उभारलेल्या इमारतींवर तो ओझरती नजर टाकतो, त्याला बहुतेक पडझडच दिसते, आणि ग्रंथ संपतो. विवेकाचे नियम सर्व माणसांना सर्व काळी सारखेच लागू असतात हे ज्या ग्रंथाने शेकडो पानांत ठासून मांडले, त्याच्याच शेवटी विवेकाला इतिहास असल्याची ही कबुली आहे. पुढची साठ वर्षे जर्मन भाषेतली काही अतिशय तल्लख डोकी ही राखून ठेवलेली जागा भरण्यात गुंतली होती. हे पुस्तक त्यांच्या त्या धडपडीविषयी आहे.

प्रत्येक विचार आपल्या काळाचे अपत्य असतो, हे आज कुणीही सहज बोलून जातो. त्याचे परिणाम मात्र सहज पचणारे नाहीत. विवेकच जर काळाने घडवला असेल, तर गुलामगिरी चूक आहे हे आपण कोणत्या अधिकाराने म्हणतो? 'आमच्या काळात ती चालत नाही' एवढेच म्हणण्याचा हक्क आपल्याला उरतो. उलट विवेक इतिहासाच्या बाहेर, सदैव जसाच्या तसा उभा असेल, तर ॲरिस्टॉटलसारख्या बुद्धिमंताला काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे का वाटले? त्याच्यापाशी विवेक नव्हता, असे तर कुणी म्हणणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. अठराव्या शतकातल्या पुष्कळ प्रबोधनवाद्यांनी पुरोहितांना आणि राजांना दोष देऊन हा पेच टाळला. अज्ञानाचे झाकण काढले की खालचा विवेक आपोआप लखलखेल, अशी त्यांची समजूत होती. कांट आणि त्याच्यामागून आलेल्या जर्मन चिद्वाद्यांनी हा पेच टाळला नाही, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण त्यातच आहे. विवेक घडत जातो, आणि तरीही तो घडवणाऱ्या इतिहासाचा न्यायनिवाडा करू शकतो, ही दोन्ही विधाने एकत्र पेलण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तो किती साधला आणि कुठे फसला, हे वाचकाने या पुस्तकात पाहायचे आहे.

मराठी वाचकाला ही मंडळी अगदीच परकी नाहीत. टिळकांच्या 'गीतारहस्या'त कांट भेटतो. रा. भा. पाटणकरांमुळे त्याची सौंदर्यमीमांसा मराठी समीक्षेत स्थिरावली. हेगेल आला तो मार्क्सवादाच्या चर्चेतून, विरोधविकासाचे बोट धरून, आणि म्हणून बहुधा मार्क्सच्या घराची पायरी म्हणूनच. अशा वाटणीमुळे कांटचे नीतिशास्त्र एका खणात राहिले, सौंदर्यशास्त्र दुसऱ्या, आणि इतिहास व स्वातंत्र्य यांच्याविषयीची त्याची आणि त्याच्या वारसांची झटापट कोणत्याच खणात नीट बसली नाही.

ती झटापट सुरू होते १७८४ साली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात 'बर्लिनिशे मोनाट्सश्रिफ्ट' या मासिकात कांटने विश्वइतिहासाच्या कल्पनेवर एक छोटा निबंध लिहिला. 'प्रबोधन म्हणजे काय?' हा त्याचा गाजलेला लेख त्याच मासिकात पुढच्याच महिन्यात आला. इतिहासावरच्या निबंधात नऊ सिद्धान्त आहेत आणि सुरुवात आहे विवाहांच्या, जन्मांच्या नि मृत्यूंच्या वार्षिक तक्त्यांपासून. लग्न कधी आणि कुणाशी करावे हे जो तो आपल्या मर्जीने ठरवतो, पण मोठ्या देशाचे तक्ते पाहिले तर त्यांत हवामानासारखी नियमितता आढळते. मग माणसांच्या स्वैर वाटणाऱ्या कृत्यांच्या पसाऱ्यातही एखादे सूत्र सापडेल का, असे कांट विचारतो.

त्याचे उत्तर असे. प्राण्याच्या सहजप्रवृत्ती त्याच्या एका आयुष्यात पुऱ्या उमलतात. विवेकाचे तसे नाही. त्याला चुका कराव्या लागतात, सराव लागतो, शिकवणूक लागते, आणि हे सगळे एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही. म्हणून विवेकाची वाढ व्यक्तीत पुरी होत नाही, ती मानवजातीत होते. एक पिढी जिथवर पोचते तिथून दुसरी पुढे निघते. इथे कांट क्षणभर थबकतो, कारण या हिशेबात पहिल्या पिढ्यांनी विटा वाहायच्या आणि घरात राहायचे ते शेवटच्या पिढीने. हे त्याला विचित्र वाटते, आणि तसे तो लिहितोही. ही अस्वस्थता तो लपवत नाही म्हणून हा निबंध मला प्रिय आहे.

मग ही वाढ घडवून आणते कोण? सद्गुण नव्हे. माणसाला माणसांवाचून करमत नाही आणि माणसांशी पटतही नाही. कांटने या स्वभावाला 'असामाजिक सामाजिकता' म्हटले आहे. मान मिळावा, सत्ता मिळावी, शेजाऱ्यापेक्षा चार पैसे जास्त मिळावेत, या हावेपायी माणूस आळस झटकतो. सगळे गुण्यागोविंदाने मेंढ्या राखत बसले असते तर त्यांच्या अंगच्या शक्ती बीजातच राहिल्या असत्या. दाट वनातली झाडे एकमेकांची हवा आणि ऊन हिरावू पाहतात, म्हणूनच सरळ उंच वाढतात. मोकळ्यावरचे झाड वेडेवाकडे पसरते. हा दृष्टान्त कांटचाच. या ओढाताणीतून माणसांना कायद्याचे राज्य उभारणे भाग पडते, आणि पुढे राज्यांनाही आपसांत तसाच करार करणे भाग पडेल, अशी त्याची आशा होती. १७९५ च्या 'शाश्वत शांतता' या पुस्तिकेत ती त्याने विस्ताराने मांडली.

हे सिद्ध झाले आहे, असे कांट कुठेही म्हणत नाही. इतिहासात जणू असा एखादा हेतू आहे असे धरून पाहिले, तर पसारा समजायला मदत होते, आणि तसे पाहणे हे आपल्या कर्तव्याला बळही देते, एवढाच त्याचा दावा आहे. या 'जणू'वर वाचकाने बोट ठेवून पुढे जावे. पुढच्या पिढीने तो गाळला, आणि त्याची किंमत काय पडली हे पुढे दिसेलच.

पहिला आक्षेप आला तो कांटच्याच वर्गातून. योहान गॉटफ्रीड हेर्डर १७६२ ते १७६४ या काळात क्योनिग्सबेर्गला त्याची व्याख्याने ऐकत होता. मुलगा गरीब, म्हणून कांट त्याच्याकडून शुल्क घेत नसे. याच हेर्डरने १७७४ साली आणि पुन्हा १७८४ पासून सांगितले की प्रत्येक लोकसमूहाच्या सुखाचे केंद्र त्याच्या स्वतःच्या आत असते. प्राचीन इजिप्तचा माणूस युरोपीय प्रबोधनाची पायरी व्हायला जन्माला आला नव्हता. विवेक वाढतो भाषेत, आणि भाषा असते त्या त्या लोकांची. हवेत तरंगणारा शुद्ध विवेक हेर्डरला मान्यच नव्हता. कांटने १७८५ मध्ये येनाच्या एका नियतकालिकात त्याच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिले, निनावी आणि बोचरे. हेर्डर दुखावला गेला तो कायमचा. या वादात मला दोघांचेही अर्धेच पटते. दुसऱ्याच्या काळाला आपल्या काळाचा जिना मानू नये, हे हेर्डरचे म्हणणे आजही कानात घुमत राहावे असे आहे. पण प्रत्येकाचे केंद्र आत्मनिर्भर मानले, तर एखाद्या समाजात दडपलेल्या माणसाने 'इथे अन्याय होतो आहे' असे म्हटल्यावर त्याच्या पाठीशी उभे राहायला जागा उरत नाही.

१७८९ ने सगळ्यांचेच प्रश्न बदलले. धर्मविषयक लेखनाबद्दल १७९४ मध्ये प्रशियाच्या राजाची तंबी खाल्लेल्या कांटने १७९८ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, 'विद्याशाखांचा कलह' या ग्रंथात फ्रेंच राज्यक्रांतीविषयी जे लिहिले, ते मला त्याच्या इतिहासचिंतनाचे शिखर वाटते. मानवजात नैतिकदृष्ट्या पुढे जाते आहे याची खूण तो शोधतो, पण क्रांतिकारकांच्या पराक्रमात नव्हे आणि तिच्या यशातही नव्हे. क्रांती यशस्वी होईल की रक्तात बुडेल, हे त्याच्या युक्तिवादाला गौण आहे. खूण त्याला दिसते प्रेक्षकांत. दूरच्या देशात बसलेल्या, ज्यांना काही मिळायचे नव्हते आणि सहानुभूती दाखवली तर गोत्यात यायची भीती होती, अशा लोकांच्या मनात जो उत्साह उसळला, तो स्वार्थातून आलेला असू शकत नाही. आपल्यावरचे कायदे आपणच करावेत ही कल्पना एकदा अशी मनात शिरली, की ती पुन्हा विसरता येत नाही. विवेकाच्या इतिहासाचा पुरावा विजेत्यांकडे न मागता तो कांटने असा पाहणाऱ्यांकडे मागितला.

योहान गॉटलीब फिख्टेकडून या कथेला एकच पण निर्णायक धागा मिळतो. हा राम्मेनाऊ गावच्या फीत विणणाऱ्या विणकराचा मुलगा. 'मी' स्वतःला स्वतंत्र म्हणून ओळखतो तो दुसऱ्या स्वतंत्र माणसाने हाक दिल्यावर, आवाहन केल्यावरच, असे त्याने १७९६ च्या 'नैसर्गिक हक्कांच्या पाया'मध्ये मांडले. माणूस माणसांतच माणूस होतो. एकट्यादुकट्याला स्वातंत्र्याची जाणीवसुद्धा होत नाही. इथपर्यंत फिख्टे उदार आहे. फ्रेंच फौजा बर्लिनमध्ये असताना १८०७-०८ च्या हिवाळ्यात त्याने दिलेल्या 'जर्मन राष्ट्राला उद्देशून' या व्याख्यानांत मात्र मानवजातीचे कार्य एका राष्ट्राच्या खांद्यावर जाते, आणि ती व्याख्याने पुढे कुणाकुणाच्या हाती पडली हे आपण जाणतो.

आता हेगेल. १३ ऑक्टोबर १८०६ चा दिवस. येना शहरात फ्रेंच सैन्य शिरले आहे. छत्तीस वर्षांचा, नियमित पगार नसलेला प्राध्यापक हेगेल मित्र नीटहामरला पत्र लिहितो. त्या पत्रात दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. पाहणीसाठी घोड्यावरून शहराबाहेर पडणारा नेपोलियन आपण पाहिला, हा जगाचा आत्माच, असे तो लिहितो. आणि त्याच पत्रात, नुकतेच टपालाने पाठवलेले हस्तलिखित युद्धाच्या धामधुमीत गहाळ तर झाले नसेल ना, ही काळजीही आहे. नीटहामरने प्रकाशकाला जामीन राहून १८ ऑक्टोबरची मुदत मान्य करून घेतली होती. पत्राच्या दुसऱ्याच दिवशी येनाची लढाई झाली आणि प्रशिया कोसळला. हस्तलिखित वाचले. १८०७ मध्ये ते 'चैतन्याचे रूपदर्शन' या ग्रंथाच्या रूपाने बाहेर आले.

या ग्रंथातला स्वामी आणि दास यांचा भाग मूठभर पानांचा आहे, पण त्याच्यावर थांबावे लागते. दोन जाणिवा समोरासमोर येतात. दोघींनाही वाटते, दुसरीने मला मान्यता द्यावी. जिवावर उदार होऊन झुंज होते. एकाला जिवापेक्षा मान मोठा वाटतो, तो स्वामी होतो; दुसरा जीव वाचवतो, तो दास. वरवर पाहता खेळ संपला. पण स्वामीला आता जी मान्यता मिळते आहे ती कुणाकडून? ज्याला तो माणूसच मानत नाही त्याच्याकडून. ती असून नसल्यासारखी. जगाशी त्याचा संबंधही उपभोगापुरताच उरतो, कारण वस्तूंशी झगडायचे काम दासाकडे गेलेले. दासाने मरणाची भीती हाडामांसात अनुभवली आहे, त्यामुळे आपल्याला चिकटलेले सगळे गळून पडू शकते हे त्याला कळले आहे. शिवाय तो काम करतो. लाकडाला, मातीला, लोखंडाला आकार देतो, आणि त्या टिकणाऱ्या आकारात आपले मन बाहेर उभे असलेले पाहतो. स्वातंत्र्याची पुढची वाट म्हणून दासाच्या घरातून जाते.

कांटसाठी विवेक पिढ्यांतून वाढत होता. फिख्टेसाठी तो दुसऱ्याच्या हाकेने जागा होत होता. हेगेलने हे दोन्ही एकत्र आणून त्यात संघर्ष, भय आणि श्रम ओतले. काय खरे, काय न्याय्य हे ठरवणारी मापेही या संघर्षात बदलतात. पण ती बाहेरून कुणी आणून दिलेल्या मापाने बदलत नाहीत. प्रत्येक जीवनरीत स्वतःच्याच दाव्याला अपुरी पडते आणि त्या अपुरेपणातून मोडते. स्वामी स्वतःच्याच कसोटीवर नापास होतो. मघाच्या पेचातून बाहेर पडायचा हा हेगेलचा मार्ग, आणि आजतागायत याहून चांगला मार्ग मला दिसलेला नाही.

ही पाने लिहिली जात होती तेव्हा अटलांटिकपलीकडे खरे दास खऱ्या स्वामींशी लढून मोकळे झाले होते. सेंट-दोमँग या फ्रेंच वसाहतीतला उठाव ऑगस्ट १७९१ मध्ये पेटला, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर झाले. जर्मन वाचकांना त्याच्या बातम्या 'मिनर्वा' या नियतकालिकातून मिळत होत्या, आणि हेगेल ते वाचत असे हे त्याच्या १७९४ च्या एका पत्रावरून कळते. स्वामी-दासाच्या पानांमागे हैती आहे, असे अमेरिकन अभ्यासक सुझन बक-मॉर्स यांनी २००० साली एका निबंधात मांडले. ग्रंथात हैतीचे नाव नाही, त्यामुळे मी तो दावा पुरावा म्हणून धरत नाही. पण ती पाने वाचताना ऊसमळ्यांतली ती माणसे डोळ्यांसमोर ठेवावीत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

बर्लिनचा हेगेल निराळा आहे. १८१८ मध्ये तो तिथे गेला. पुढच्याच वर्षी कार्ल्सबाडच्या हुकुमांनी विद्यापीठांवर नजर आणि छापखान्यांवर कात्री आली, आणि त्याचे काही विद्यार्थी तुरुंगात गेले. अशा हवेत १८२० साली 'हक्काचे तत्त्वज्ञान' छापले गेले. कुणी आडवे येत नाही म्हणजे मी स्वतंत्र, ही समजूत त्यात त्याने मोडीत काढली. कुटुंब, बाजार-व्यवहाराचा नागरी समाज, कायदे, न्यायालये, राज्यसंस्था यांत माझी इच्छा स्वतःला ओळखू शकली, तरच स्वातंत्र्य नांदते. ज्या देशात न्यायालय विकले जाते तिथे अंतःकरणाच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाऊन भागत नाही. इथे मी हेगेलच्या बाजूचा आहे.

१८२२ पासून मृत्यूपर्यंत पाच वेळा त्याने विश्वइतिहासावर व्याख्यानमाला दिली. पौर्वात्य जगात एकच स्वतंत्र होता, ग्रीस-रोममध्ये काही, आणि आधुनिक युरोपात माणूस माणूस म्हणून स्वतंत्र आहे हे उमगले, ही त्याची प्रसिद्ध तिहेरी मांडणी त्यातलीच. इतिहास म्हणजे लोकांच्या सुखाचा बळी देणारा कत्तलखाना आहे हेही त्याने डोळे उघडे ठेवून सांगितले, आणि मग विवेक माणसांच्या वासना पुढे करून आपले काम साधून घेतो, अशी त्याची उपपत्ती आली. कांट ज्या हिशेबापाशी अस्वस्थ होऊन थबकला होता, तो हिशेब इथे जुळलेला आहे. मला तो जुळलेला पाहवत नाही. 'जणू' गेला की मेलेल्यांचे दुःख खर्चाच्या रकान्यात जाऊन बसते.

आणि त्या रकान्यात आपणही आहोत. भारतीयांना इतिहास नाही, त्यांचे मन स्वप्नात गुरफटलेले आहे, असे हेगेलने बर्लिनमध्ये शिकवले. आधार होता तो जेम्स मिलचा आणि कोलब्रुकसारख्यांच्या लेखनाचा. विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने भगवद्गीतेवर आदराने लिहिले, तेव्हा हेगेलने १८२७ मध्ये त्याचे लांबलचक परीक्षण केले आणि अर्जुनाला युद्धाला उभे करणारा युक्तिवाद शेवटी क्षत्रियाच्या जन्मसिद्ध कर्तव्यावर टेकतो, तिथे स्वतंत्र सदसद्विवेकाला जागा नाही, असा आक्षेप घेतला. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. माणसांनी केलेला भेद जातिव्यवस्था निसर्गाचा म्हणून गोठवते, हे त्याने अचूक पाहिले. पण ती गोठलेली व्यवस्था आतून फोडण्याची ताकद इथल्या माणसांत असू शकेल, हे त्याच्या मनातही आले नाही. आणि इतिहास नाही म्हणावे, तर त्याची पहिली व्याख्यानमाला सुरू झाली त्याच वर्षापर्यंत जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट होता आणि मराठी बखरी व कागदपत्रे गोळा करत होता. त्यांवर आधारलेला त्याचा मराठ्यांचा तीन खंडी इतिहास १८२६ मध्ये लंडनला छापला गेला. पुढे १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिले, आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केले. फुल्यांच्या वाचनात होता तो टॉमस पेन. पण मान्यता नाकारलेल्यांनी आपला इतिहास स्वतः सांगून स्वातंत्र्य मागण्याची जी रीत येनाच्या हेगेलने उलगडली होती, तीच इथे, बर्लिनच्या हेगेलने इतिहासाबाहेर ठेवलेल्या भूमीत, चालू झाली होती.

फ्रीडरिश शेलिंगला या पुस्तकात थोडी पाने मिळाली आहेत, आणि त्याची मला खंत आहे. १८०९ च्या स्वातंत्र्यविषयक निबंधात त्याने स्वातंत्र्य म्हणजे चांगले आणि वाईट दोन्ही करण्याची शक्ती, असे म्हणून वाइटाला इतिहासात खरी जागा दिली. हेगेलच्या मांडणीत वाईट हे नेहमी कशाचे तरी साधन होऊन विरघळते. शेलिंगच्या हातून ते विरघळत नाही. 'जगाची युगे' हा ग्रंथ त्याने १८११ पासून पुन्हापुन्हा लिहिला आणि कधीच प्रसिद्ध केला नाही. हेगेल १८३१ मध्ये वारला. दहा वर्षांनी, त्याच्या शिकवणीचा प्रभाव उतरवावा म्हणून, म्हाताऱ्या शेलिंगला बर्लिनला बोलावण्यात आले. वस्तू काय आहे हे विवेक सांगेल, ती आहेच का हे तो सांगू शकत नाही, असे त्याचे म्हणणे. समोर बसलेल्यांत एंगल्स, बाकुनिन आणि कीर्केगार्ड होते. एंगल्सने लगेच विरोधी पुस्तिका छापल्या. कीर्केगार्ड आधी हरखला, मग कंटाळून कोपनहेगनला परतला.

वाचनाच्या क्रमाबद्दल एक विनंती. हेगेलपासून सुरुवात करू नये. आधी कांटचे १७८४ चे आणि १७९८ चे लेखन घ्यावे, मग स्वामी-दासाची पाने दोन-तीनदा, घाई न करता. विश्वइतिहासावरची व्याख्याने हेगेलने स्वतः छापलेली नाहीत. त्याच्या टिपणांवरून आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून ती प्रथम १८३७ मध्ये एदुआर्ट गान्सने आणि १८४० मध्ये मुलगा कार्ल याने जुळवली. त्यामुळे एखाद्याच वाक्यावर फार भार टाकू नये. भारतावरचा भाग कुणी संतापून, कुणी संकोचून वगळतो. तो या पुस्तकात मुद्दाम पूर्ण घेतला आहे, आणि तो स्वामी-दासाच्या पानांनंतर लगेच वाचावा.